महाविद्यालयातील संशोधन प्रथम कोणाच्या कानी पडावे?

सन २०२१ च्या जुलै महिन्यात मुंबईतील काही यकृतरोगतज्ज्ञांचा एक शोधनिबंध 'जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल हेपॅटॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोविडच्या साथीत गुळवेलीचे सेवन केलेल्या ६ रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याची नोंद त्यात होती. आयुष मंत्रालयाने त्याच महिन्यात हा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचे निवेदन काढले आणि गुडूचीऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल त्या रुग्णांच्या पोटात गेली असावी, अशी शक्यता पुढे मांडली. पुढील वर्षी १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा आणखी एक अभ्यास आला आणि वाद पुन्हा पेटला.

या वादात कोणाची बाजू खरी, याचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही. त्या दिवसांत आपणा व्यावसायिकांची जी अवस्था झाली ती आठवून पाहावी, एवढेच सांगणे आहे. चिकित्सालयाच्या दारात पाऊल टाकताच रुग्ण विचारी, "डॉक्टरांनू, पेपरात इला हा ता खरा काय? गुळवेल घेवचा की नाय?" आणि आपल्यापैकी बहुतेकांपाशी दोनच उत्तरे होती. गुडूची ही रसायन आहे, ग्रंथांत तिचा गौरव आहे, तेव्हा निःशंक घ्या, हे एक; आणि थोडे दिवस थांबा, हे दुसरे. पहिले उत्तर श्रद्धेचे होते, दुसरे भीतीचे. विषयाच्या अभ्यासातून आलेले उत्तर क्वचितच कोणी दिले असेल. औषध दुकानदारांनी तर मोबाइलवर फिरणारे संदेश वाचूनच गुळवेल चूर्णाची पुढची मागणी नोंदविली किंवा रद्द केली.

वास्तविक गुळवेलीवर आपल्याच राज्यात काम झालेले नव्हते असे नाही. परळच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात व के. ई. एम. रुग्णालयात आयुर्वेद संशोधन केंद्र आहे. डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे यांनी तेथे गुडूचीवर अनेक वर्षे काम केले. जंतुसंसर्गाच्या प्राणिप्रयोगांतील निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाले. पित्तमार्ग अवरुद्ध होऊन कावीळ झालेल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांत गुडूचीचा उपयोग तपासणारा एक लहानसा अभ्यास १९९३ साली आला. म्हणजे ज्या यकृताविषयी २०२१ साली रणे माजली, त्याच यकृताच्या रुग्णांत गुडूची देऊन पाहिल्याला तेव्हा पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. त्या कामाने प्रत्येक शंकेचे निरसन झाले असते असे मी म्हणत नाही. परंतु कोणत्या रुग्णास, कोणत्या अवस्थेत, कोणत्या स्वरूपाची गुडूची दिली गेली, एवढे तरी आपण रुग्णापुढे नेमकेपणाने मांडू शकलो असतो. ते आपणास ठाऊक नव्हते, कारण ते आपणास कोणी सांगितले नव्हते.

त्या महाविद्यालयाची आणखी एक गोष्ट मला लक्षणीय वाटते. तेथील अध्यापकांच्या स्टाफ सोसायटीने १९५५ पासून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे त्रैमासिक चालविले आहे. गुडूचीवरील वर उल्लेखिलेला १९९२ चा निबंध त्याच त्रैमासिकात छापला गेला होता. अध्यापकांनी स्वतःची सभा स्थापावी, तिने स्वतःचे नियतकालिक काढावे, आपल्या सहकाऱ्याचे काम त्यात छापावे आणि मग ते जगाने वाचावे, असा हा क्रम आहे. डॉ. डहाणूकरांनी पुढे मराठीत सामान्य वाचकांसाठीही भरपूर लिहिले. आयुर्वेदाचे द्रव्य, पण त्यावरील काम लोकांना सांगण्याची हौस आधुनिक वैद्यकाच्या अध्यापिकेला, हे आपण जरा मनाशी घोळवावे.

आणि ही रीत आपणास परकी आहे काय? चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचा केवढा विस्तार केला आहे! एकाच विद्येच्या जाणकारांनी एकमेकांशी बोलावे, त्याने ज्ञान वाढते, शंका फिटतात, वाणीला धार येते, आणि गुरूने एकांतात राखून ठेवलेली गोष्टही बोलण्याच्या भरात सहकाऱ्याच्या तोंडून बाहेर पडते, असे त्या विवेचनाचे सार आहे. सूत्रस्थानातील वातकलाकलीय किंवा यज्जःपुरुषीय अध्याय पाहा. सिद्धांत तेथे ऋषींच्या भरसभेतील मतभेदांतून उभा राहतो. संहितेचा हा भाग आपण परीक्षेसाठी पाठ करतो, संधाय आणि विगृह्य असे संभाषेचे दोन भेद लिहून गुण मिळवितो, आणि महाविद्यालयाच्या आवारात मात्र एका विभागाचा अध्यापक दुसऱ्या विभागात काय चालले आहे याची चौकशीही करीत नाही.

आजची रीत अशी आहे. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. तेव्हापासून राज्यभरातील आयुर्वेद महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या शोधप्रबंधांची चळत किती झाली असेल, याची कल्पना ज्याने एखाद्या महाविद्यालयाचे ग्रंथालय पाहिले आहे त्याला सहज करता येईल. विषय ठरतो, तीन वर्षे रुग्णांच्या नोंदी होतात, कापडी बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा ग्रंथ तयार होतो, तोंडी परीक्षा होते आणि ग्रंथ कपाटात जातो. मार्गदर्शक अध्यापकास पदोन्नतीसाठी प्रकाशने हवी असतात, म्हणून त्यातून इंग्रजीत एक-दोन निबंध निघतात. ते कोठे छापले जातात? पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतील १००९ नियतकालिकांची छाननी करून २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये तिचा निष्कर्ष मांडला: ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके दर्जाच्या कसोटीस उतरत नव्हती. पैसे भरून, कोणी न वाचता छापले जाणारे आणि छापल्यावरही कोणी न वाचणारे असे हे वाङ्मय.

आणि ज्यांच्या हाताखालून ते द्रव्य गेले, त्यांना तरी काय कळते? रसशाळेतील निर्माता, वनौषधी उद्यानाचा माळी, आंतररुग्ण विभागातील परिचारिका, खालच्या वर्गातील विद्यार्थी यांच्यापैकी कोणालाही निष्कर्ष काय निघाला हे सांगितले जात नाही. एका महाविद्यालयात दोन विभागांनी लागोपाठच्या वर्षी जवळजवळ त्याच कल्पावर, जवळजवळ त्याच व्याधीत काम केल्याचे मला ठाऊक आहे. दोघांच्या भिंतीला भिंत होती. पहिल्याला आलेली अडचण दुसऱ्याला पुन्हा नव्याने भेटली.

औषधनिर्माते व दुकानदार बंधू येथे म्हणतील की हा महाविद्यालयांचा घरचा प्रश्न झाला, आमचे त्यात काय अडले? त्यांच्यासाठी मी आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण घेतो.

फाल्गुन लागला की वेंगुर्ले तालुक्यात, आसोली-आरवलीच्या बाजूस सुरंगी फुलते. फुले थेट फांदीला लगडतात, पहाटे बायका झाडाखाली जमतात आणि दुपारपर्यंत वळेसर बाजारात येतात. त्या वासाचे वर्णन मी करीत नाही, आपण सारे त्यातच वाढलो. परंतु सुरंगीची सगळीच फुले उमलत नाहीत. पुष्कळशा कळ्या मुक्या असतानाच काढून वाळविल्या जातात आणि व्यापाऱ्याकडे जातात. मिऱ्याएवढ्या, गोल, तांबूस अशा या वाळक्या कळ्या देशभरच्या काष्ठौषधी बाजारात कोणत्या नावाने विकल्या जातात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तांबडे नागकेशर!

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियातील नागकेशर म्हणजे नागचाफ्याचे, अर्थात मेसुआ फेरियाचे, पुंकेसर. सुरंगी ही मॅमिया सुरिगा. दोन्ही वृक्ष नात्याने जवळचे, परंतु द्रव्ये निराळी. एकाचे पुंकेसर वापरायचे, दुसऱ्याची अख्खी कळी पोत्यात येते. दक्षिणेत तर दालचिनीच्या जातीतील एका वृक्षाच्या वाळल्या कळ्याही याच नावाखाली खपतात. आता रक्तार्शाच्या रुग्णास आपण लोणी-खडीसाखरेबरोबर नागकेशर चूर्ण देतो. उपशय मिळाला तर तो कोणत्या द्रव्याचा? न मिळाला तर दोष कोणाचा, योगाचा की पोत्याचा? चूर्ण झाल्यावर ओळख पटविणे आणखी कठीण. वावडिंगाचीही तीच कथा. आपल्या जंगलातून निघणारे वावडिंग बहुतांशी एम्बेलियाच्या दुसऱ्या जातीचे असते, फार्माकोपियातील एम्बेलिया रायबिसचे नव्हे.

या प्रश्नांवर द्रव्यगुण विभागांत काम झालेले आहे, सूक्ष्मदर्शकाखालची चित्रे काढलेली आहेत, रासायनिक तुलना झालेली आहे. पण ती माहिती ज्याच्या गोदामात पोते उतरते त्याच्यापर्यंत आली नाही. उलट सुरंगीच्या झाडाखाली बसून कळ्या वेचणाऱ्या बाईला जे डोळ्यांनी दिसते, ते त्या सूक्ष्मदर्शकामागच्या अध्यापकाला कोणी दाखविले नाही. वनस्पतींची नावे व रूपे गुराखी आणि वनवासी जाणतात, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या प्रारंभीच मान्य करतात. तेवढ्याने भागत नाही, हेही ते लगेच सांगतात. दोन्ही ज्ञाने एका ठिकाणी यावीत असाच त्याचा अर्थ नव्हे काय?

आपल्या जिल्ह्यात एक पंचाईत अशी की, विद्यापीठाचा परिसर म्हणावा असे एक आवार येथे नाही. आयुर्वेद महाविद्यालय सावंतवाडीस. वनस्पतिशास्त्र शिकविणारी महाविद्यालये मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी येथे, ती मुंबई विद्यापीठाशी जोडलेली. उद्यानविद्या महाविद्यालय कुडाळजवळ मुळद्यास आणि फळ संशोधन केंद्र वेंगुर्ल्यास, ही दोन्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची. ओरोसला अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याचे विद्यापीठ पुन्हा नाशिकचे. कोठूनही कोठे दीड तासात पोहोचता येईल अशा या संस्था. पण सुरंगीवरचे प्रश्न एकीकडे आणि सुरंगी ओळखणारी माणसे दुसरीकडे. माझ्या मते सिंधुदुर्गापुरता जिल्हा हाच परिसर मानावा. अध्यापकाने आपले काम आधी स्वतःच्या महाविद्यालयात सांगावे, आणि त्याच महिन्यात जिल्ह्यातील व्यावसायिकांपुढे.

हे स्वप्नरंजन आहे असे ज्यांना वाटते त्यांनी शेजारच्या आंबा बागायतदाराकडे पाहावे. वेंगुर्ल्याचे केंद्र १९५७ पासूनचे, दापोलीचे विद्यापीठ १९७२ चे. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही काजूच्या जातींची नावे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. १९९७ साली आलेली कोकण अमृता ही कोकमाची जात, म्हणजे आपल्या वृक्षाम्लाचीच, कलमांच्या रूपाने बागांत गेली. हे आपोआप झाले नाही. राज्यातील चार कृषी विद्यापीठांची संयुक्त समिती दरवर्षी बसते, संशोधकाला आपले काम इतरांपुढे मांडावे लागते, प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात, आणि जे टिकते तेच 'शिफारस' म्हणून छापून शेतकऱ्याच्या हाती जाते. हापूस एका वर्षी धरतो, दुसऱ्या वर्षी धरत नाही, यावर पॅक्लोब्यूट्रॅझोलची शिफारस याच मार्गाने आली. आज देवगड-मालवणचा अडाणी म्हणविणारा बागायतदारही 'कल्टार' झाडाच्या घेराप्रमाणे किती घालायचे हे सांगतो. कराराने बागा घेणारे काही जण मात्रेबाहेर घालून झाडांचे हाल करतात, हेही खरे. सांगितलेल्या गोष्टीचा दुरुपयोग होतोच. पण मात्रा ठाऊक असल्यामुळेच तो दुरुपयोग आहे हे आपण ओळखू शकतो. आयुर्वेदात अशी शिफारस कोण देते? औषध कंपनीचा प्रतिनिधी देतो. रंगीत कागदावर.

संशोधन स्थानिकांना न सांगितल्याने ते गुप्त राहते, हाही भ्रमच आहे. कॅम्प्टोथेसिन हे अर्बुदनाशक द्रव्य १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून वेगळे केले गेले. १९७२ साली मुंबईच्या गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी ते आपल्या सह्याद्रीतील नरक्यात असल्याचे जाहीर केले. १९९६ साली त्यापासून बनविलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. जगाच्या बाजाराला बातमी पोहोचली, दलालाला पोहोचली, आणि पुढे सिंधुदुर्ग-कोल्हापूरच्या डोंगरांत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. आपल्या जिल्ह्यातील वैद्याला, वनौषधी शिकविणाऱ्या अध्यापकाला या झाडाचे मोल केव्हा कळले? बहुधा लाकडाचे ट्रक पकडल्याच्या बातम्या आल्यावर.

अध्यापक मंडळी दोन आक्षेप घेतात. पहिला असा की छापण्यापूर्वी बोललो तर कल्पना चोरीस जाते, एकस्व मिळत नाही. ज्यास खरोखरच एकस्व घ्यावयाचे आहे त्याने आधी अर्ज करावा आणि मग बोलावे. त्यात विलंब फारसा नाही. परंतु परंपरागत ज्ञानास भारतीय एकस्व कायद्याचे कलम ३(पी) मुळातच एकस्व नाकारते, तेव्हा शोधप्रबंधांतील बहुतेक विषयांत राखण्यासारखे असे काही उरत नाही. शिवाय हळदीचे उदाहरण काय सांगते? जखमेवरील हळदीचे अमेरिकन एकस्व १९९५ साली दिले गेले आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सी. एस. आय. आर.च्या लढ्यामुळे १९९७ साली रद्द झाले. तेथे उपयोगी पडले ते पूर्वी छापलेले वाङ्मय. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा एक निबंधही होता. घरोघरच्या आजीबाईंची साक्ष त्या कार्यालयात चालली नसती.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. अर्धवट निष्कर्ष व्यावसायिकांच्या हाती गेले की ते जाहिरात करतात. याचे उत्तर अध्यापकांनी नव्हे, आपण द्यावयाचे आहे. तीस रुग्णांच्या अभ्यासावरून 'संशोधनाने सिद्ध' अशी पाटी दुकानावर लावणारे आपल्यातच आहेत. महाविद्यालयाने व्याख्यान ठेवले तर खुर्च्या रिकाम्या, आणि कंपनीने हॉटेलात भोजनासह चर्चासत्र ठेवले तर उभे राहायला जागा नाही, हेही आपणच करतो. अध्यापकाला ऐकणारा मिळाला नाही तर त्याने सांगावे कोणाला?

म्हणून आपल्या जिल्हा शाखेने पुढाकार घ्यावा, असे मी सुचवितो. वर्षातून दोन बैठका पुरेत. एक श्रावणात, पावसामुळे रुग्णांची वर्दळ कमी असते तेव्हा, सावंतवाडी किंवा कुडाळ येथे. वर्षभरात पूर्ण झालेल्या प्रत्येक कामास वीस मिनिटे, भाषा मराठी, पडद्यावरील चित्रांपेक्षा टेबलावरील द्रव्य अधिक, आणि ज्या कल्पाचा उपयोग झाला नाही त्याचे काम सर्वांत आधी. कारण तेच कोठे छापले जात नाही आणि आपल्याला त्याचीच गरज अधिक. प्रत्येक कामाचा एक पानी सारांश याच त्रैमासिकात यावा: द्रव्य कोठून आणले, ओळख कोणी पटविली, मात्रा काय, रुग्ण किती, किती जण मध्येच सोडून गेले. ऐकणाऱ्यानेही रिकाम्या हाताने येऊ नये. आपल्या चिकित्सालयातील पाच रुग्णांच्या नोंदी आणाव्यात. रसशाळेचे निर्माते आणि उद्यानाचे माळी यांना निमंत्रण असावे, आणि ते पाठीमागच्या बाकावर बसण्यासाठी नव्हे.

दुसरी बैठक फाल्गुनात, वेंगुर्ले तालुक्यात सुरंगीच्या झाडाखाली. औषध दुकानदारांनी व निर्मात्यांनी आपापल्या गोदामातील नागकेशराची मूठभर पुडी, पुरवठादाराचे नाव न लिहिता, केवळ क्रमांक घालून आणावी. द्रव्यगुणाच्या व वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांनी ती तेथेच फोडून, भिंगाखाली धरून सर्वांना दाखवावी. चहाचा खर्च शाखा करील. पुड्या किती येतात आणि त्यांत पुंकेसर किती निघतात, ते पुढच्या अंकात छापता येईल.